बिनघंटेची शाळा

१२ जानेवारी

मावशी,

“कान झाकतोय, म्हणजे जग त्याला फार मोठ्यानं ऐकू येतंय.”

हे तू म्हणालीस तेव्हा धाकटा सहा वर्षांचा होता आणि मी नऊची. आपण मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो होतो. आई आत जाऊन आली होती आणि पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मधल्या सुटीची घंटा झाली. धाकट्यानं दोन्ही तळहात कानांवर दाबले आणि तो पुढेमागे झुलायला लागला. जाणारी मुलं हसली. त्यातली निम्मी तुझ्याच वर्गातली, कारण तू त्याच शाळेत चौथीला शिकवायचीस. तू त्यांच्यावर ओरडली नाहीस. धाकट्याकडे बघत राहिलीस, आणि हे वाक्य म्हणालीस. कुणाला उद्देशून असं नाही.

“मग आता जगाचा आवाज कमी करणार का तू?” आई म्हणाली. ती घाबरली की असं तिरकं बोलायची.

“जगाचा नाही. एका खोलीचा करून बघू.”

ती खोली आज माझ्या ताब्यात आहे, आता ती एक खोली राहिलेली नाही, आणि तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. म्हणून हे पत्र.

झालंय असं, की एप्रिलच्या पहिल्या रविवारी शाळेचं नवं घर उघडतंय. शाळा संपलेल्या चार मुलांसाठी. मुलं म्हणायचं आपलं, दोघांचे केस पिकलेत. ती तिथं एकत्र राहतील, स्वतःचं जेवण करतील, भांडतील. धाकटा त्या चौघांतला एक. आई गेल्यापासून तो माझ्याकडे आहे, आणि माझ्या एवढ्याशा स्वयंपाकघरात आम्ही दोन मोठी माणसं एकमेकांना ‘सरक जरा’ म्हणत राहतोय. त्याला स्वतःचं दार हवं. ते त्यानं सांगितलं नाही, पण नव्या घराची किल्ली हातात दिली तेव्हा ती त्यानं परत केली नाही. झोपतानाही गळ्यात असते.

पालक समितीच्या अध्यक्ष आता दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत. त्या म्हणाल्या, “उद्घाटनाला इतिहास छापू या. दोन पानं. त्याहून जास्त कुणी वाचत नाही, तुम्ही मनावर घेऊ नका.” मी बसले लिहायला. पहिलं वाक्य तुझं आलं. दुसऱ्यापाशी घोडं अडलं. तुझ्याबद्दल लिहायचं तर तुला विचारल्याशिवाय कसं लिहू?

तेव्हा दोन गोष्टी विचारते. तुझ्याबद्दल लिहू का? आणि त्या रविवारी येशील का? आई गेली तेव्हा तू आलीस, धाकट्याशेजारी बसलीस, आणि दुपारच्या गाडीनं गेलीस. शाळेच्या गल्लीत वळलीसुद्धा नाहीस. मी तेव्हा काही बोलले नाही. आताही बोलत नाही. फक्त ये.

तुझी,
मोठी


२ फेब्रुवारी

मावशी,

कार्ड मिळालं. “इतिहास लिही. मला वगळ. यायचं जमणार नाही. तब्येत सांभाळ.” चार वाक्यं. रोपवाटिकेत काम करून तूही रोपांच्या पाट्यांसारखं लिहायला लागलीस.

वगळून बघितलं. खरंच बघितलं. ‘शाळा एका बंद पडलेल्या गादी कारखान्यात सुरू झाली.’ कुणी सुरू केली? कुत्र्याच्या छत्रीसारखी आपोआप उगवली? ‘काही पालकांच्या पुढाकाराने’ असं लिहून झालं. मग हसू आलं. काही पालक म्हणजे आई एकटी, आणि तिचा पुढाकार म्हणजे “तू नोकरी सोडलीस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही” असं म्हणून दुसऱ्या दिवशी झाडू घेऊन हजर होणं.

तो कारखाना आठवतो तुला? गादीवाले काका धंदा बंद करून बसले होते आणि जागा कुणी घेत नव्हतं, कारण भिंतीच्या फटीफटीतून कापूस निघायचा. पहिलं वर्षभर मुलांच्या केसांत कापूस, चहात कापूस, माझ्या गृहपाठाच्या वहीत कापूस. तू मात्र खूश. टाळी वाजवून दाखवलीस आई‌ला. “बघ, आवाज घुमतच नाही. भिंती गिळतात.” काकांकडे जाड लोकरी कापडाची भेंडोळी पडून होती. तुम्ही दोघींनी त्याचे गोल तुकडे कापून प्रत्येक खुर्चीच्या पायाला शिवले. दारांच्या कडांना पट्ट्या लावल्या. मी मदतीला बसले तर तू मला कात्री दिलीस, सुई दिली नाहीस. म्हणालीस, “तुझी बोटं मला अजून लिहायला लागणार आहेत.” कशाला लागणार होती ते आज कळतंय.

आणि घंटा नाही. तास संपला की खांद्यावर हिरवं फडकं टाकून तू खोलीतून शांतपणे चालत जायचीस. मुलं फडकं बघायची, हातातलं खाली ठेवायची, उठायची. जो उठायचा नाही त्याच्याशेजारी तू बसायचीस, तो उठेपर्यंत. धाकटा तर कधीच वेळेत उठायचा नाही. तू म्हणायचीस, “राजे, दरबार हलला. आपण निघायचं का?” तेव्हापासून तो सगळ्यांचा राजे. सुतारकामाच्या खोलीत आजही नवीन पालक आले की विचारतात, “हे राजे कोण?” आणि सगळे बोट करतात.

एकदा तू स्वयंपाकघरातून हात पुसत पुसत आलीस, खांद्यावर तेच फडकं, आणि आत्ताच बसलेला वर्ग उठून चालता झाला. आई कितीतरी वेळ हसत होती.

पण खरी गंमत तपासणी अधिकाऱ्यांची. हे तर इतिहासात घालायलाच हवं. शाळेला मान्यता मिळेना. एकदा नाकारली होती, कारण फळा चुकीच्या भिंतीवर होता. दुसऱ्या वेळी आले ते साहेब घामाघूम झालेले. सगळ्यांत मागे उभे राहिले, चेहऱ्यावर संशय. “ही मुलं सूचना पाळतात का?” असं तुला विचारलं, आणि तू उत्तर द्यायच्या आत त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. हिरवा रुमाल! वर्गातल्या सगळ्यांनी रंगकांड्या डब्यात ठेवल्या, खुर्च्या आत सरकवल्या आणि बूट घालायला गेले. एक आवाज नाही. साहेब रुमाल हातात धरून तसेच उभे.

“मी काही बोललोसुद्धा नाही हो,” ते म्हणाले.

“आमच्याकडे बोलावं लागत नाही,” तू म्हणालीस. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मान्यता मिळाली. शेऱ्यात ‘अनुकरणीय शिस्त’ असं लिहिलं होतं. तू तो शेरा वाचत फरशीवरच बसलीस आणि हसता हसता तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी दारात होते. मोठी माणसं एकाच वेळी दोन्ही करू शकतात हे मी तिथं पहिल्यांदा पाहिलं.

मग ती मोठी संस्था आली. तीन मजली इमारत, उतारावर कठडे, आपल्याला सामावून घ्यायची तयारी. अट एवढीच, की जी मुलं जागेवर बसू शकतात तीच घ्यायची. तू चहा दिलास, ऐकून घेतलंस, आणि म्हणालीस, “बसणारी तुमच्याकडे आहेतच की. आमच्याकडे न बसणारीच येतात.” समितीतले निम्मे लोक त्या दिवशी तुझ्यावर चिडले. आईसुद्धा. स्वतंत्र राहायचं म्हणजे छप्पर गळलं की आपणच शिडी लावायची, हे तिला पाठ झालं होतं. पण आज जी मुलं आपल्याकडे आहेत त्यातली निम्मी त्या अटीत बसली नसती. आपला राजे तर नाहीच.

हे सगळं तुला वगळून कसं लिहू, सांग.

आणि एक गोष्ट अशी, जी मी इतिहासात लिहिणार नाही. ती तुझ्यामाझ्यातली. गुरुवारी दुपारी तू भावंडांना बोलवायचीस. शाळेतल्या मुलांच्या बहिणी, भाऊ. आम्ही कारखान्याच्या मागच्या अंगणात बसायचो, आणि नियम एकच होता: आपल्या भावाबद्दल, बहिणीबद्दल बोलायचं नाही. स्वतःबद्दल बोलायचं. मला पहिल्या गुरुवारी बोलताच आलं नाही. ‘तुला काय आवडतं’ विचारलंस तर मी म्हणाले, “त्याला लाल डबा आवडतो.” तू हसली नाहीस. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच विचारलंस. घरात सगळ्यांची नजर त्याच्यावर असायची, आणि ते बरोबरच होतं. पण आठवड्यातून एकदा कुणीतरी माझ्याकडे बघायचं. मी माणूस म्हणून जी काय आहे ती त्या अंगणातली आहे, मावशी. तुझे आभार मी कधी मानले नाहीत. आपल्याकडे घरच्यांचे मानत नाहीत. आता मानते.

ये ना.

मोठी


२१ फेब्रुवारी

मावशी,

उत्तर नाही. माझंच चुकलं असेल. मी सगळे गमतीचे दिवस लिहिले आणि ज्या दिवसामुळे तू गेलीस त्याला वळसा घातला. तुला वाटलं असेल, ही साखर पेरतेय. तर तो दिवस लिहिते. मी बघितला तसा.

शाळेसमोरचा रस्ता खोदायला घेतला होता. दगड फोडायचं ते मोठं यंत्र आलं होतं. सकाळपासून तुझा जीव वरखाली. खिडक्या बंद केल्यास, फटींत चिंध्या कोंबल्यास, मला म्हणालीस, “राजेंना मागच्या खोलीत घेऊन बस. आज काही खरं नाही.” धाकटा तेव्हा तिशी ओलांडलेला, सुतारकामाच्या खोलीत मदतीला यायचा. मी मागच्या खोलीत गेले तर तो नव्हता. अंगणात नव्हता. मग तू फाटकाकडे धावलीस आणि मी तुझ्यामागे.

तो यंत्रापासून हातभर अंतरावर उभा होता. दोन्ही तळहात कानांवर घट्ट. अंगभर धूळ. तू त्याला ओढायला हात पुढे केलास आणि तसाच थांबवलास, कारण तो हसत होता. साधं हसणं नव्हतं ते. लग्नातल्या फोटोत माणसं हसतात तसं, आतून उजळून. आणि त्याचा गळा हलत होता.

यंत्र चालवणारा ओरडून म्हणाला, “अहो, रोज येतोय हा! माझ्याबरोबर गातो!”

यंत्र बंद पडलं तेव्हा ऐकू आलं. धाकटा गुणगुणत होता, यंत्राचाच सूर, अगदी तोच, तसूभर वर नाही की खाली नाही.

तू त्याच्याशेजारी उभी राहिलीस. आपले दोन्ही कान झाकलेस, डोळे मिटलेस आणि गुणगुणलीस. मीही केलं. ज्यांनी कधी केलं नसेल त्यांनी करून बघावं. बाहेरचं सगळं मागे हटतं आणि स्वतःचाच आवाज डोकंभर होतो, देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखा. तो कान झाकायचा ते जग बंद करायला नव्हे. त्याला आवाज आवडायचा. घंटा आवडायची. घंटा झाली की तिच्याबरोबर गायचा, आणि आपलं गाणं नीट ऐकू यावं म्हणून कान झाकायचा. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरसुद्धा तो गातच होता.

तू आधी हसलीस. मला वाटलं, चला, हसली. मग तू म्हणालीस, “पंचवीस वर्षं मी याला कापसात गुंडाळून ठेवलं.” आत गेलीस. चहाला बाहेर आली नाहीस. यंत्र पुन्हा सुरू झालं, तो पुन्हा गायला लागला, आणि तू खिडकीत उभी राहून बघत होतीस. मी बोलायला आले तर म्हणालीस, “आत्ता नको.”

महिन्याभरात तू किल्ल्या माझ्या हातात ठेवल्यास. कारण विचारलं तर “दुसऱ्या मुलांच्या बाबतीत काय काय चुकलंय कोण जाणे” एवढंच. हात झाडून मोकळी झालीस, असं मला तेव्हा वाटलं. फार रागावले होते मी तुझ्यावर. तू मोकळी झाली नव्हतीस हे कळायला वेळ गेला.

मोठी


१० मार्च

मावशी,

या वेळी कार्ड नाही, पत्र आलं. अर्धं पान, पण पत्र. आणि त्यातला प्रश्न: “त्याला मी किती वर्षं मुकं जग दिलं, हे छापणार आहेस का?”

हो. तू हो म्हणालीस तर छापणार आहे.

चुकलं नाही असं मी म्हणणार नाही. तुला ते खोटं वाटेल आणि ते खोटंच आहे. त्याला रेल्वे स्टेशनवर कधी नेलं नाही. गाण्याच्या कार्यक्रमाला आई जायची तेव्हा तो घरी, तुझ्याबरोबर, खिडक्या लावून. त्याला विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि तो सांगणारा नव्हता. हे नुकसान झालं ते झालं. ते भरून आलं असं मी लिहिणार नाही.

पण त्या शांत खोलीत कोण कोण येऊन बसलं तेही लिहिणार आहे. डॉक्टरीणबाईंची मुलगी तुला आठवत असेल. ताटाला चमचा लागला तरी टेबलाखाली जायची. घरी ती भिंतीकडे तोंड करून, एकटी जेवायची. आपल्याकडे आली आणि काही महिन्यांनी एका दुपारी येऊन सगळ्यांच्या रांगेत बसली. लाकडी चमचे, खाली कापड, कुणी मोठ्यानं बोलत नाही. तिची आई दारात उभी होती. आत आली नाही, मुलगी उठेल म्हणून. तिथंच उंबऱ्यावर बसून रडली. आता त्याच बाई मला सांगतात, इतिहास दोन पानांत बसवा.

परवा मी त्यांना यंत्राच्या दिवसाची गोष्ट सांगितली. म्हणजे तुझ्या चुकीची. त्या म्हणाल्या, “बरं झालं बाई चुकल्या. त्यांना तेव्हाच कळलं असतं तर त्यांनी गाण्याची शाळा काढली असती. माझी पोर कुठं गेली असती?”

मी तुला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. त्या बोलल्या तसं लिहिते. कुणाला बरं वाटावं म्हणून बोलायची त्यांना सवय नाही, दात काढतात त्या.

तू गेल्यावर काय झालं तेही तुला माहीत नाही. कधी विचारलं नाहीस. घंटा बसवायची की नाही यावर समितीत रणकंदन झालं. एक वडील म्हणाले, “राजेंना आवडते ना, मग बसवा.” दुसऱ्या आई म्हणाल्या, “आणि माझ्याला फिट आली तर तुम्ही येणार का धरायला?” शेवटी घंटा नाहीच बसवली. फडकं अजून चालतं. रंग उडाला की तसंच हिरवं दुसरं आणतो. पण मागे, जिथं कोळशाची कोठी होती ना, तिथं आम्ही एक खोली केली. तिच्यात पत्रे आहेत, पिंपं आहेत, मोडका पियानो आहे, आणि सायकलींच्या घंट्या पाटीवर ठोकून ठेवल्यात. जाड दार. मुलं तिला ‘धडाडधूम’ म्हणतात. ज्याला पाहिजे त्यानं जावं, हवं तेवढं वाजवावं. धाकटा तिचा कारभारी. कुणी लहान मूल आत यायला बिचकलं तर तो दार उघडं धरून उभा राहतो, ओढत नाही. शेजारी उभा. तू उभी राहायचीस तसाच.

आणि प्रवेशाच्या वेळी आम्ही आता एक काम करतो, जे तू गेल्यानंतर सुरू केलं. मूल जे काही विचित्र करतं, ते आम्ही मोठ्यांनी आधी स्वतः करून बघायचं. कान झाकत असेल तर कान झाकून. गोल फिरत असेल तर फिरून. भिंतीला गाल लावत असेल तर लावून. मग बोलायचं. गेल्या आठवड्यात नव्या मुलामागे मी आणि सुतारकामाचे मास्तर टेबलाखाली पालथे पडून फरशी हुंगत होतो आणि नेमका तेव्हाच फर्निचर पोचवणारा आला. “पत्ता बरोबर आहे ना?” म्हणाला बिचारा.

ते आम्ही तुझ्याकडून शिकलो, फाटकाबाहेर. चूक कळल्याबरोबर तू सगळ्यांत आधी काय केलंस? स्वतःचे कान झाकलेस आणि गुणगुणून बघितलंस. कुणी म्हातारपणाकडे झुकलेली शिक्षिका भर रस्त्यात, धुळीत, लोकांसमोर असं करेल का? तू केलंस. तुझ्या लक्षात फक्त त्याच्यानंतरचं राहिलं.

धाकटा रोज संध्याकाळी विचारतो, “मावशी रविवारी?” मी म्हणते, “विचारलंय.”

मोठी


२८ मार्च

मावशी,

तुझं उत्तर आलं. “छाप. माझं नाव घालू नकोस, नुसतं मावशी म्हण. यायला मात्र सांगू नकोस, मोठे. त्याच्या समोर उभं राहायचं बळ माझ्यात नाही.”

छापायची परवानगी दिलीस, खूप झालं. इतिहास सहा पानांचा झालाय. डॉक्टरीणबाईंनी नाक मुरडलं, आणि मग सगळा वाचून काढला.

घरही तयार आहे. सोबत राहायला एक निवृत्त परिचारिका मिळाल्यात, खमक्या आहेत. त्यांनी आल्या आल्या चौघांना विचारलं, “माझा चहा कोण करणार?” आणि राजेंनी हात वर केला. तेव्हा त्यांची काळजी नाही. तुला राहायला बोलावत नाहीये मी. जबाबदारी घ्यायला बोलावत नाहीये.

पण काल काय झालं ते सांगायला हवं. नव्या घरात दारापाशी कोट अडकवायला खुंट्या लावायच्या होत्या. धाकट्यानं त्या स्वतः केल्या, लाकडाच्या, घासून गुळगुळीत. ज्याची त्याची खुंटी ज्याच्या त्याच्या खांद्याच्या उंचीवर, असा त्याचा हिशोब. चौघांच्या लागल्या. परिचारिकाबाईंची लागली. मग त्यानं अजून एक लावली, बरीच खाली.

मास्तर म्हणाले, “राजे, ही कुणाची? इथं लहान मूल कुणी नाही.”

तो म्हणाला, “मावशी बुटकी.”

मास्तरांना हसू आवरेना. मलाही. मग मी बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले थोडा वेळ.

त्यानं त्या खुंटीवर काही अडकवलेलं नाही. परिचारिकाबाईंनी पिशवी लावली तर काढून त्यांच्या हातात दिली. रागानं नाही. मावशीची आहे, एवढंच.

मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवत आले. पहिल्या पत्रापासून मी असं लिहितेय की तो तुझी वाट बघतोय. तो बघतोच. पण तुझं कार्ड आलं की जिन्यातच उभी राहून वाचणारी मी आहे. शाळेत सगळे मला विचारायला येतात, आणि मला विचारायला कुणी नाही. तो तुझी वाट बघतो की मी बघते, हे मला आता नीट वेगळं करता येत नाही. तू माझ्याही समोर उभी राहू शकत नसशील तर तसं लिही. नसशील तर.

बळ नाही म्हणतेस, ते मी खरं धरते. येऊ नकोस. तिसऱ्यांदा मला कळवायची तसदीही घेऊ नकोस. पण ‘मावशी रविवारी?’ला ‘नाही’ हे उत्तर मी देणार नाही. इतकी वर्षं तुझ्या आणि त्याच्या मधे मी निरोप पोचवत आले, हा एक पोचवणार नाही.

रविवारी सकाळी, आम्ही नव्या घरी निघायच्या आधी, फोन कर. तो उचलेल. फोनवर तो बोलत नाही, ऐकतो. त्याला तुझ्या तोंडानं सांग की तू येणार नाहीस. का म्हणून तो विचारणार नाही. रडणारही नाही बहुतेक. ऐकून घेईल आणि फोन कानाशी तसाच धरून उभा राहील, कारण बोलणं संपलं की आपणही ठेवायचा असतो हे त्याला माहीत नाही. आम्ही कुणी शिकवलंच नाही. ठेवावा तुलाच लागेल.

तू म्हणशील, एवढं मात्र मला सांगू नकोस. म्हणशीलच, ओळखते मी तुला. तरी विचारते, करशील का?

मोठी